पेटीवर माणूस पाहिजे

या मित्रांनो, सरका जरा जवळ. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे यावं. पुढची सतरंजी मोकळी ठेवून मागे बसणारे श्रोते मला कधीच आवडले नाहीत. आणि आता तर माझा आवाज लांब जातही नाही. पण जवळ बसलात तर एक कथा सांगते. ऐकताना हसू येईल, आणि हसता हसता घास अडकेल, अशी आहे ती.

मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हणजे कपड्यांची नव्हे, दागिन्यांची नव्हे, सुरांची. कोणी मला बाजा म्हणतात, शिकलेले लोक हार्मोनियम म्हणतात. कीर्तनात मात्र मी पेटीच. "आज पेटीवर कोण?" असं मंडळी विचारू लागली की समजायचं, माझ्यामागे आज कोण बसणार याची चौकशी चालली आहे. हा शब्द नीट ध्यानात ठेवा. पुढे सगळं घोडं याच शब्दापाशी अडणार आहे.

माझा जन्म नागपुरात, इतवारीत झाला. भांड्यांच्या बाजारामागच्या गल्लीत नत्थू मिस्त्रींचं दुकान होतं. अंग माझं सागवानी, भाता जाड पुठ्ठ्याचा आणि कातड्याचा, सूर पितळेचे. शेजारच्या दुकानात दिवसभर तांब्याचे हंडे ठोकत. त्या ठणठणाटात नत्थू मिस्त्री माझ्या पोटाला कान लावून एकेक सूर घासत बसायचे, आणि मधूनच ठोकणाऱ्याला म्हणायचे, घडीभर थांब ना गा बाप्पा. तो म्हणायचा, तुमचा बाजा होईपर्यंत थांबलो तर माझी म्हातारी झालेली पोरगी कोण उजवणार?

इतकं करूनही माझ्यात एक खोड राहिली. माझा मधला एक सूर गळका होता. पट्टी दाबली नाही तरी भात्यात वारा भरला, किंवा मला जरा जोरात खाली ठेवलं, की तो आपला आपण बारीक हुंकार द्यायचा. मिस्त्रींनी दोनदा उघडून पाहिला आणि सोडून दिला. म्हणाले, पोराच्या गालावर तीळ असते, तसं समजा.

मला घ्यायला आले ते वामन महाराज. इतवारी-महालापासून आसपासच्या खेड्यापाड्यांपर्यंत त्यांचं कीर्तन गाजत होतं. त्यांच्यासोबत एक सडपातळ, मान खाली घालून चालणारा माणूस होता. त्याने माझ्यावर बोटं ठेवली, माझा तो हुंकार ऐकला आणि म्हणाला, "महाराज, हीच घेऊ. हिले बोलायची घाई आहे." ते देवाजी. त्या दिवसापासून पंधरा वर्षं त्यांच्या बोटांशिवाय दुसरं बोट माझ्या अंगाला लागलं नाही.

काय दिवस होते ते, मित्रांनो! तुम्ही कीर्तन ऐकलं नसेल तर तुमच्या आजीला विचारा. महाराज उभे, गळ्यात वीणा; डावीकडे मृदंग, उजवीकडे देवाजी आणि मी. महाराज अभंगाचं चरण उचलत, झांजा गोळा होत, आणि माणसांच्या त्या गर्दीत बसल्या जागी असा वारा सुटायचा की समईची ज्योत हलावी. कधी निरूपणाच्या ओघात महाराजांना पुढचा शब्द आठवत नसे. देवाजी तेव्हा डोळे मिटूनच एक सूर देत, आणि त्या सुराला धरून शब्द चालत येई. हे आम्हा तिघांशिवाय कोणाला कधी कळलं नाही. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी महाप्रसाद असायचा. पंगतींवर पंगती बसत. शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत भजन चालू ठेवायची रीत होती. मृदंगवाला बदले, टाळकरी बदलत, देवाजी मात्र उठत नसत. आणि सगळं आवरलं की धोतराच्या सोग्याने मला पुसत, एकेक पट्टी पुसत, झाकण लावत, आणि मगच पाठ टेकत.

असा हा माझा पूर्वरंग. कीर्तनात पूर्वरंग संपला की महाराजांना हार घालतात, साथीदारांनाही बुक्का लावतात. आमच्या मध्यंतरात हार नव्हता. एका सप्ताहात चौथ्या दिवशी वामन महाराजांचा आवाज चरणाच्या मध्येच तुटला. देवाजींनी सूर दिला, पुन्हा दिला. शब्द आला नाही. त्या तुटलेल्या गळ्याने महाराज अंथरुणाला खिळले आणि वर्षाच्या आत गेले. जाण्याआधी खुणेनेच त्यांनी मला देवाजींकडे सरकवलं.

आता सांगा, कीर्तनकाराविना पेटीवाला म्हणजे काय? दुसऱ्या महाराजांकडे त्यांचे त्यांचे पेटीवाले होते. देवळांत भोंगे लागले होते, रेकॉर्ड लावली की झालं. देवाजी बाजारात हमालीला गेले. दुसऱ्याच दिवशी पाठ धरली आणि मुकादमाने परत पाठवलं. घर आमचं इतवारी स्टेशनाजवळच्या चाळीत, एका खोलीचं. देवाजींची बायको प्रयागबाई पापड लाटून देत. एक दिवस त्यांच्या उजव्या मनगटाला सूज आली ती उतरेना, आणि पापडही गेले.

मी कोपऱ्यात होते. कान मात्र माझे उघडे होते. ज्वारीच्या डब्यात वाटी घातली की रोज वेगळा आवाज येई. डबा भरलेला असताना तो आवाज बसका होता. मग तो चढत गेला. एके दिवशी वाटी नुसती पत्र्यावर खरवडली. सुरात बोलायचं तर तो षड्ज नव्हता, पंचम नव्हता. तो सूर मी कधीच वाजवलेला नव्हता.

त्याच संध्याकाळी जुन्या वाद्यांचा एक व्यापारी आला. पानाने रंगलेल्या बोटांनी त्याने माझ्या पट्ट्या दाबल्या, भाता फाकवून पाहिला, तो गळका सूर ऐकून नाक मुरडलं. लाकूड चांगलं आहे, म्हणाला. सूर काढून विकीन, खोक्याचं काहीतरी होईल. शुक्रवारी संध्याकाळी हातगाडी पाठवतो असं सांगून गेला. देवाजी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. प्रयागबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. तो गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "महाराजांनी दिलेली आहे जी ती."

देवाजी म्हणाले, "महाराजांनी पोटही देल्लं असतं बांधून, तर बरं झालं असतं."

देवाजींच्या तोंडून असं वाकडं मी कधी ऐकलं नव्हतं. मित्रांनो, माणूस भुकेने नाही मोडत; आपल्या कलेचा कोणाला उपयोग नाही हे कळलं की मोडतो.

आणि त्यानंतरच्या सकाळी प्रयागबाई बाहेरून लगबगीने आल्या. नळावर बातमी लागली होती. सीताबर्डीवर नवं रेस्टॉरंट उघडलं होतं, काचेच्या दारांचं. त्यांना पेटीवर माणूस हवा होता. अनुभवी पाहिजे आणि बायोडाटा आणायला सांगितला आहे.

"पेटीवर?" देवाजींनी विचारलं.

"हाव. पेटीवर बसणारा. आताच्या रेस्टारंटात म्हणे संध्याकाळी गाणं असते. लोकं खातेत अन् ऐकतेत."

अशी गाण्याची सोय मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत असते हे सगळ्यांच्या कानावर होतं. नागपूरही आता मोठं होऊ लागलं होतं. शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं. देवाजी कोपऱ्यात आले आणि किती महिन्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. तळहात गरम होता. जेवणाच्या जागी देवाचं नाव कसं घ्यायचं एवढीच त्यांना पंचाईत पडली होती. मग स्वतःशीच म्हणाले, महाप्रसादाले घेतच होतो ना.

राहिला बायोडाटा. ही काय वस्तू असते ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. शेजारच्या खोलीत उत्तरा राहायची. मॅट्रिक झालेली, बर्डीवर टायपिंगच्या क्लासला जाणारी मुलगी. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं तिचं घर. कीर्तनाला ती कधी आली नाही, पण मधली भिंत एका विटेची असल्याने देवाजींचा सगळा सराव ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. ती वही-पेन्सिल घेऊन आली आणि आमच्या दारात बसली.

तिने समजावून सांगितलं की बायोडाटा म्हणजे आपण आजवर काय केलं ते एका कागदावर मांडायचं, म्हणजे मालकाला आपल्याला न भेटताच आपण कळतो. प्रयागबाईंनी नाव बायको-डाटा असं ऐकलं होतं. त्यांनी विचारलं, "मंग माह्यं काय काय लिहून राहिली वं तू त्यात?" त्या खोलीत किती दिवसांनी कोणी हसलं होतं.

शिक्षण किती? चौथी. वय? प्रयागबाईंनी एक सांगितलं, देवाजींनी दुसरं. उत्तराने मधलं लिहिलं. ओळखीच्या दोन मोठ्या माणसांची नावं? देवाजी म्हणाले, एक वामन महाराज, ते गेले, दुसरा पांडुरंग.

"त्याचा पत्ता नाही लिहिता येत काका," उत्तरा म्हणाली. तिने ती ओळच गाळली.

मग आला अनुभव. आयुष्यभर ज्याने दुसऱ्याच्या शब्दाला सूर दिला, त्याच्यापाशी स्वतःसाठी शब्द कुठून असणार? शेवटी उत्तराच विचारत गेली आणि ते उत्तर देत गेले, आणि तिने ते जसंच्या तसं टाइप करून आणलं. रात्री वाचून दाखवलं, तेव्हाचं मला पाठ आहे:

'पंधरा वर्षे पेटीवर बसण्याचा अनुभव. सर्व काळ एकाच महाराजांकडे. पेटी कधी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. हजार माणसे जेवून उठली तरी शेवटच्या माणसापर्यंत पेटीवरून उठलो नाही. महाराज चुकले तर हळूच सावरून घेतले, बाहेर बोललो नाही. रोज पेटी पुसून, बंद करूनच झोपणे.'

ऐकून देवाजींनी डोळे टिपले. म्हणाले, "हे सारं मी केलं का वं?"

"तुम्हीच केलं," उत्तरा म्हणाली. "मी काय भिंतीपलीकडं बहिरी होती का?"

क्लासला जाताना तिने तो कागद रेस्टॉरंटात नेऊन दिला, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला. शुक्रवारी सकाळी या. म्हणजे व्यापाऱ्याची हातगाडी यायच्या दिवशीच.

शुक्रवारी देवाजींनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, मला प्रयागबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि खांद्यावर घेतलं. घरात होतं ते एक मूठ मुरमुरे प्रयागबाईंनी त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी अर्धी मूठ परत केली. इतवारीतून बर्डीपर्यंत ते चालत गेले. वाटेत दोनदा थांबले, मला खाली ठेवलं, आणि दोन्ही वेळा मी हुंकार दिला. देवाजी म्हणाले, "थांब गं माय, तिथं बोलजो."

काचेचं दार ढकलून आम्ही आत गेलो. मालकाचं नाव गणपतराव. आधी त्यांचं साधं भोजनालय होतं, पाटावर बसून जेवायचं. आता टेबलं आली होती, भिंतीला आरसे लागले होते. त्यांच्या हातात आमचा कागद होता. बाजूला भटारखान्याच्या दारात त्यांचा स्वयंपाकी गोविंदा उभा होता. आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे कीर्तनकाराला महाराज म्हणतात, तसंच स्वयंपाक्यालाही महाराजच म्हणतात. तिथे सगळे गोविंदाला 'महाराज, दोन भाजी' असं म्हणत होते. देवाजींनी त्याला हात जोडले.

गणपतराव फार खुशीत होते. म्हणाले, "कागद वाचला बरं का. लय जण येऊन गेले, सारे लिहितेत प्रामाणिक, प्रामाणिक. कोणी हे नाही लिहिलं का पेटी पुसून झोपतो. कोणते हे वामन महाराज? धंतोलीकडं जेवण बनवणारे होते, ते का?"

"महाराज सगळीकडंच जात होते जी. गेले आता."

"अरेरे. काम मोठं दिसते त्याइचं. हजार माणूस उठेपर्यंत?"

"सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, जी."

"आमच्याकडं एवढं नाही येत गा," गणपतराव म्हणाले, आणि गोविंदाकडे वळून त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली: महाराज चुकले तर हळूच सावरून घेतले, बाहेर बोललो नाही. "ऐक गोविंदा. असा माणूस पाहिजे." मग म्हणाले, "आजच बसा. कालपर्यंत होता तो पेटी खाऊन गेला."

पेटी खाऊन गेला? देवाजींना उमजेना. गणपतरावांनी समोरच्या उंच टेबलावर थाप मारली. तिथे एक शिसवी पेटी होती. तिला पट्ट्या नव्हत्या, भाता नव्हता. झाकणात एक फट होती, आणि थाप बसताच आतली चिल्लर खुळखुळली.

गल्ला, मित्रांनो. त्यांना गल्ल्यावर बसणारा माणूस हवा होता. बर्डीवरचे हॉटेलवाले गल्ल्याला पेटी म्हणत, आम्हाला ते कुठून ठाऊक असणार!

देवाजींच्या खांद्यातून मला सगळं कळलं. ते हाड आधी ताठ झालं, मग एकदम सैल पडलं. गणपतरावांना काहीच कळलं नव्हतं. लुगड्यातल्या गाठोड्याकडे पाहून ते म्हणाले, "हे काय, बिछाना आणला? लय चांगलं केलं. रात्री पेटीजवळ माणूस झोपला म्हणजे मले घोर नाही. दोन वेळचं जेवण इथंच. घरी नेलं तरी चालते."

घरी नेलं तरी चालते. प्रयागबाईंची अर्धी मूठ मुरमुरे मला आठवली. देवाजींनी मला हळूच जमिनीवर ठेवलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मी माझा श्वास रोखून धरला. जन्मभराची माझी खोड, पण तेव्हा एक हुंकार निघू दिला नाही. माझ्या मनात एवढंच होतं: देवाजी, बिछाना म्हणा. काही म्हणूही नका, नुसतं गप्प राहा. कागदावर एक अक्षर खोटं नाही. तुम्ही पेटीवर बसलात हे खरं, महाराज खरे, हजार माणसं खरी. पांडुरंगानेच शब्दाला दोन दारं ठेवली असतील तर तुम्ही का एक लावता?

मी मुकी राहिले. देवाजी बोलले.

"मालक, ह्या पेटीवर मी कधी बसलो नाही जी," त्यांनी लुगड्याची गाठ सोडली. "माझी पेटी ही आहे."

आधी कोणालाच कळेना. मग गोविंदा भटारखान्याच्या दारातून म्हणाला, "मालक, बाजेवाला आला. आता नवरदेव बोलवा." टेबलं पुसणारे हसले. आतून आणखी कोणी हसलं.

गणपतराव हसले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा वाचला, ओळीवर बोट फिरवत. "हिशेब येते?"

"बोटावर येते तेवढा, जी. मात्रा मोजता येते."

"मात्रा मोजून मी काय करू गा?" आवाजात राग नव्हता; पण कागद त्यांनी टेबलावर उलटा ठेवला. "नाही जमत. जा."

देवाजींनी गाठ बांधली आणि मला खांद्यावर घेतलं. दारापर्यंत गेले आणि परत आले. मला वाटलं आता पाया पडतील. ते म्हणाले, "मालक, तेवढा कागद परत द्या जी. पोरीनं मेहनतीनं टाइप केला. दुसरीकडं दाखवता येईल. अन् घडीभर पेन द्या."

पेन मिळालं. देवाजींनी कागद गल्ल्याच्या टेबलावरच पसरला, आणि चौथीपर्यंतच्या त्या वेड्यावाकड्या अक्षरात जिथे जिथे 'पेटी' होतं, तिथे तिथे वर लिहू लागले: बाजा. पंधरा वर्षे पेटीवर, वर 'बाजा'. पेटी दुसऱ्याच्या हाती दिली नाही, वर 'बाजा'. मग महाराजांपुढे लिहिलं: 'कीर्तनकार.' पुढच्या कोणा मालकाची अशी फसगत होऊ नये म्हणून माणूस आपली भाकर आपल्याच हाताने एकेका शब्दागणिक मोडत होता, आणि ज्यांच्यापुढे मोडत होता ते गणपतराव उभे राहून बघत होते.

हजार माणसांच्या ओळीपाशी ते थांबले.

"ही हजार माणसं तरी खरी होती का?" गणपतरावांनी विचारलं.

"हाव जी. शेवटची पंगत उठली का मंग मी वाढप्यांसाठी वाढत होतो. दिवसभर वाढून वाढून ते उपाशी असतेत ना. कोणाले भान नसते त्याइचं."

"मंग हे काहून नाही लिहिलं? वाढता येते म्हणून?"

देवाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, जणू हा माणूस वेडाबिडा आहे की काय. "ते काय नोकरी होती का जी? ते तर सेवा होय."

बाहेरून दोन-तीन माणसं जेवायला आली, टेबलं भरू लागली. गणपतरावांनी गोविंदाला हाक मारून विचारलं, आज वाढायला कोण कमी आहे. मग देवाजींना म्हणाले, "तुमचा बाजा ठेवा त्या पेटीच्या खाली. हात धुवा."

अशी ती नोकरी लागली, मित्रांनो. पेटीवरची नव्हे, वाढप्याची. गल्ल्याखालच्या फळीवर मला ठेवलं. वर ती शिसवी पेटी दिवसभर खुळखुळत होती, खाली मी लुगड्यात. आम्हा दोघींत काही बोलणं झालं नाही.

आणि त्या पहिल्याच दुपारी काय झालं ऐका. देवाजी टेबलांना पंगत समजले. एका टोकाकडून निघाले आणि कोणी मागायची वाट न पाहता प्रत्येकाच्या ताटात वरण वाढत गेले. टोकाला पोचून पुन्हा उलटे फिरले. नको म्हणणाऱ्याला म्हणाले, घ्या जी, एवढ्यानं काय होते. जेवणारे खूश. गणपतराव गल्ल्यावरून धावत आले, त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "देवाजी, ही पंगत नाही बाप्पा, हा धंदा होय. मागतेत तेवढंच वाढाचं." देवाजी म्हणाले, हाव जी. पण ती सवय त्यांची पूर्ण कधी गेली नाही. वर्षानुवर्षं गणपतराव रागवत राहिले आणि कोपऱ्यातल्या टेबलावरच्या एखाद्या सुकलेल्या चेहऱ्याच्या माणसापुढे न मागता दुसरं वरण येत राहिलं.

पहिला दिवस म्हणून गणपतरावांनी रात्रीच्या गर्दीआधीच सोडलं; संध्याकाळी घरी आलो तेव्हा दारात व्यापाऱ्याची हातगाडी उभी होती. देवाजींनी ती रिकामी परत पाठवली. प्रयागबाईंनी जेवणाचा डबा पाहिला, मला पाहिलं, आणि हरखून विचारलं, "आज काय वाजवलं जी?"

देवाजी उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "ताटं."

प्रयागबाई आधी हसल्या. मग त्यांना सगळं कळलं. मग पलीकडून उत्तरा आली, आणि आपणच टाइप केलेली आणि देवाजींनी दुरुस्त केलेली ओळन् ओळ वाचून भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. म्हणाली, "काका, मी नीट विचारायले पायजे होतं." देवाजी म्हणाले, "तू नीटच विचारलं वं. शब्दच लबाड निघाला."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पुढचं सांगायला मला जड जातं. चूल पेटली, पण कीर्तनाची वेळ तीच रेस्टॉरंटच्या गर्दीची वेळ. देवाजी पुन्हा पेटीवर बसले नाहीत. बोटांना वरणाचा, फोडणीचा वास आला, वाफेने कातडी जाड झाली. माझ्या भात्याच्या घड्या हळूहळू चिकटल्या. पण कामावरून कितीही थकून आले तरी ते लुगडं सोडायचे, एकेक पट्टी पुसायचे, झाकण लावायचे आणि मगच झोपायचे. एकदा प्रयागबाईंनी विचारलं, वाजवत नाही तर पुसता काहून? ते म्हणाले, "बायोडाट्यात लिहिलं आहे ना."

देवाजी गेले त्याला आता काही वर्षं झाली. प्रयागबाईंनी मला उत्तराच्या हाती दिलं. तिचं स्वतःचं घर आहे, नोकरी आहे. तिला वाजवता येत नाही. पण दर काही दिवसांनी ती लुगडं सोडते, एकेक पट्टी पुसते, झाकण लावते. ठेवताना मला जरा जोरात खाली ठेवते, मुद्दाम. मी हुंकार देते. तेवढा एकच सूर माझ्यात शाबूत आहे. ज्याला सगळ्यांनी खोड म्हटलं, तोच.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी पेटी, एखादी वीणा, टाळांची जोडी पडली असेल तर तिच्यावर कपड्यांचे गठ्ठे रचू नका. वाजवता येत नसेल तरी अधूनमधून वारा द्या. आणि कधी भुकेच्या वेळी तुम्ही एखाद्या हॉटेलात बसला असाल, आणि कोणी वाढपी न मागता, मालकाची नजर चुकवून, तुमच्या भातावर आणखी एक पळी वरण घालून गेला, तर तो घास तोंडात घालण्याआधी घडीभर थांबा. आमच्या देवाजींची आठवण करा.